इस्लामचा आरंभकाळ आणि प्राचीन इराणी धर्म : वाचन कुठून सुरू करू?

मंजिरी_वाचते

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

शाहनाम्याचा, म्हणजे फिर्दौसीच्या इराणी राजांवरच्या महाकाव्याचा, शेवट वाचून झाला. अरब सैन्यापुढे हटत हटत शेवटचा सासानी राजा यज्दगर्द तिसरा मर्वपर्यंत जातो आणि तिथे एका गिरणीत मारला जातो. साल ६५१. पुढे काय झालं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. २२४ पासून चाललेलं सासानी साम्राज्य वीसेक वर्षांत कसं कोसळलं? अहुर मज्दाला, म्हणजे जरथुश्त्री धर्माच्या देवाला, भजणारी माणसं मुसलमान कधी आणि कशी झाली?

नेटवर शोधलं तर दोनच सूर ऐकू येतात. एकात सगळा इराण तलवारीच्या धाकाने एका पिढीत बाटवला गेला. दुसऱ्यात सगळ्यांनी राजीखुशीने नवा धर्म घेतला. तिसरा एक दावा सगळीकडे आहे: पाच वेळची नमाज, मेल्यावर ओलांडायचा सिरातचा पूल, स्वर्ग-नरक हे सगळं इस्लामने जरथुश्त्री धर्मातून उचललं. यात तथ्य किती?

मराठी, हिंदी, इंग्रजी वाचते. संस्कृत बीएपर्यंत झालंय. अरबी-फारसी येत नाही. जाड ग्रंथ चालतील, पण कशानंतर काय वाचायचं ते सांगा.

रानवारा

मेरी बॉयस यांचं 'झोरोॲस्ट्रियन्स', १९७९ चं. एका खंडात जरथुश्त्रापासून आजच्या पारशी-इराण्यांपर्यंत सगळं येतं. बाई १९६३-६४ मध्ये यज्दजवळच्या शरीफाबाद गावात जरथुश्त्री घरात राहून आल्या होत्या, त्यामुळे विधींचं वर्णन करताना त्यांचा हात कुठे अडखळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: हजारो वर्षं हा धर्म फारसा बदललाच नाही, असा त्यांचा कल आहे. नंतरच्या अभ्यासकांना तो मान्य नाही.

शिळाप्रेस

मंजिरीताई, तिसऱ्या दाव्यापासून सुरू करतो, कारण तो सुटला की वाचनाचा क्रम आपोआप लागतो.

जे पुस्तक हातात घ्याल, त्यातल्या प्रत्येक आधाराला आधी एकच प्रश्न विचारा: हे लिहिलं कधी गेलं? कोणत्या काळाबद्दल लिहिलंय ते नंतर बघू. या विषयातले निम्मे वाद इथेच निवळतात.

पुलाचंच घ्या. जरथुश्त्री परंपरेतल्या चिन्वत पुलाचा उल्लेख थेट गाथांमध्ये, म्हणजे जरथुश्त्राच्या मानल्या जाणाऱ्या सूक्तांमध्ये आहे, म्हणजे मूळ कल्पना इस्लामच्या कितीतरी आधीची. पण पुण्यवानासाठी पूल रुंद होतो आणि पाप्यासाठी धारेसारखा अरुंद, हे तपशीलवार वर्णन पहलवी, म्हणजे सासानी काळातल्या फारसीतल्या, ग्रंथांत मिळतं. बुंदहिश्न, देनकर्द वगैरे ग्रंथ आज आपल्या हातात आहेत त्या रूपात नवव्या-दहाव्या शतकात तयार झाले, म्हणजे मुसलमान राजवटीत, बगदादच्या खलिफांच्या काळात. उलट बाजूला कुराणात 'सिरात' म्हणजे सरळ मार्ग. केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार पूल येतो तो हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेत. आता कोणाचं वर्णन कोणाकडे गेलं, सांगा! कल्पना जुनी इराणी असेल आणि तिचे बारकावे दोन्हीकडे एकाच काळात, शेजारी-शेजारी घडले असतील. मला हेच जास्त पटतं.

अर्दा विराफचंही तेच. स्वर्ग-नरक पाहून आलेल्या या पुण्यपुरुषाची कथा मेराजशी, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाशी, जोडली जाते. पण तिचं आजचं रूपही नवव्या-दहाव्या शतकातलं, आणि मेराजचं वर्णन त्याआधी, आठव्या शतकातल्या इब्न इस्हाकने लिहिलेल्या पैगंबरांच्या चरित्रात आलेलं आहे. ते चरित्रही आपल्याला इब्न हिशामने संपादित केलेल्या रूपात मिळतं, आणि हा गृहस्थ ८३३ च्या सुमारास वारला.

पाच नमाजांची तुलना त्यामानाने भक्कम पायावर आहे. जरथुश्त्री दिवसाचे पाच गाह (प्रार्थनेचे प्रहर), हावन, रपिथ्विन, उझेरिन, ऐविस्रुथ्रेम आणि उशहिन, अवेस्तातच, म्हणजे मूळ धर्मग्रंथातच, आहेत. तरी साम्य दिसलं म्हणजे उचललं, असं होत नाही. त्याच मुलखात ज्यू होते, सीरियाई ख्रिस्ती होते, त्यांच्याही प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा होत्या.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी तूरज दर्याई यांचं 'सासानियन पर्शिया', छोटं आहे, आठवड्यात होईल. मग रॉबर्ट हॉयलंड यांचं 'इन गॉड्स पाथ', अरब विजयांवर. त्यानंतर इतिहासकार तबरी. तो ८३९ मध्ये आमुलला, म्हणजे कास्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या तबरिस्तानात जन्मला आणि बगदादमध्ये वारला. इराणी मुलखातला माणूस, लिहिलं अरबीत. त्याचा इतिहास इंग्रजीत चाळीस खंडांत आहे. सगळे घेऊ नका. सासानी राजांसाठी पाचवा आणि अरबांनी सासानी फौजेला हरवलं त्या कादिसियाच्या लढाईसाठी बारावा पुरे. एकाच घटनेच्या तीन-चार हकिकती तो कोणाकडून ऐकल्या त्या नावांसकट देतो आणि निवाडा वाचकावर सोडतो. वाचताना दम लागतो, पण त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

निळा_पेरू

शिळाप्रेस यांच्याशी सहमत. पण मला विचाराल तर पुस्तकांच्या आधी नाणी बघा. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अरब-सासानी दिरहमांची उत्तम छायाचित्रं फुकट आहेत.

एक नाणं समोर ठेवून सांगते. पातळ, पसरट चांदी, वजन चार ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूला सासानी राजा खुस्रो दुसरा, पंखांचा मुकुट घातलेला, तोही मरून दशकं उलटल्यावर. मागे अग्निवेदी आणि तिच्या दोन बाजूंना उभे दोन सेवक. अक्षरं पहलवी. आणि चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेला बारीक कूफी (जुन्या अरबी वळणाच्या) अक्षरांत 'बिस्मिल्लाह'. अरब सुभेदाराच्या टांकसाळीत इराणी कारागीर जुन्याच साच्याच्या वळणाने काम करत होते आणि बाजारात तेच नाणं चालत होतं. अग्निवेदी आणि बिस्मिल्लाह एकाच धातूवर, अर्ध्या शतकाच्या आसपास! हिजरी ६६ मधलं बीशापूरचं नाणं तर खासच, त्यावर 'मुहम्मद रसूल अल्लाह' आहे. पैगंबरांच्या नावाच्या सगळ्यात जुन्या, तारीख असलेल्या उल्लेखांपैकी ते एक. पुढे खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७७ पासून आधी सोन्याच्या आणि मग चांदीच्या नाण्यांवरून चित्रं काढून टाकली, नुसता मजकूर ठेवला.

एका पिढीत सगळं पुसलं गेलं म्हणणाऱ्याला हे नाणं दाखवावं.

मंजिरी_वाचते

शिळाप्रेस, निळा_पेरू, मनापासून आभार. नाण्यांकडे मी कधी वळलेच नव्हते. पण धर्मांतराचं काय? नाणी राज्यकारभाराची झाली. खेड्यातल्या माणसाचं काय झालं? आणि संस्कृत येत असेल तर गाथा थेट वाचायला घ्याव्यात का?

शिळाप्रेस

खेड्यातल्या माणसासाठी पॅट्रिशिया क्रोन यांचं 'द नेटिव्हिस्ट प्रॉफेट्स ऑफ अर्ली इस्लामिक इराण' (२०१२). अवघड आहे, दर्याई आणि हॉयलंड झाल्याशिवाय उघडू नका. पण तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं पुस्तक हेच.

त्यातली माणसं वाचली की ते दोन्ही सूर खोटे वाटायला लागतात. ईशान्येच्या खुरासानात उमय्या खलिफांच्या राजवटीच्या अखेरीस बिहाफरीद नावाचा माणूस उठला. जरथुश्त्री धर्मात सुधारणा सांगत होता, स्वतःची वेगळी प्रार्थना देत होता. त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन उमय्यांविरुद्धच्या बंडाचा सेनापती अबू मुस्लिम याच्याकडे गेले ते मोबेद, म्हणजे जरथुश्त्री पुरोहितच. तुमचाही धर्म बिघडवतोय आणि आमचाही, असा त्यांचा सूर. अबू मुस्लिमने त्याला मारवलं. इथे कोण कोणाच्या बाजूचा? नंतर बाबक खुर्रमी ८१६ पासून ८३७ पर्यंत अझरबैजानच्या डोंगरांत लढत राहिला. विजयाला तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती.

बुखाऱ्याची हकिकत नरशखीने दहाव्या शतकात लिहून ठेवली आहे. लोक इस्लाम स्वीकारत आणि अरब फौज परतली की पुन्हा जुन्या देवांकडे वळत. शेवटी अरब सेनापती कुतैबाने शहरात मशीद बांधली, शुक्रवारच्या नमाजाला येणाऱ्याला दोन दिरहम देऊ केले, आणि अरबी येत नव्हतं म्हणून लोक कुराण फारसीत म्हणत. याच कुतैबाने घराघरात अरब आणून बसवले, तेही तिथेच लिहिलंय. जबरदस्ती आणि आमिष दोन्ही होतं, आणि तरीही वेळ लागला.

कराची बाजूही बघा. बहरैनच्या बाजूच्या हजरमधल्या मजूसांकडून (जरथुश्त्री लोकांकडून) पैगंबरांनी जिझिया घेतल्याची परंपरा होती. तिच्या आधाराने इराणातल्या अग्निपूजकांनाही संरक्षित प्रजेत बसवता आलं. कुराणात मजूसांचा उल्लेख एकदाच येतो, २२ व्या सूरेत. तिकडे उमय्या काळात धर्मांतर केलेल्यांकडूनही काही ठिकाणी जिझिया वसूल होत राहिला, कारण तिजोरीला ते परवडत नव्हतं. खलिफा दुसऱ्या उमरने (७१७ ते ७२०) तो थांबवायचा प्रयत्न केला. प्रत्येकाला बाटवायचंच होतं म्हणणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

देशस्थ_दक्षिणी

गाथांबद्दल मी सांगतो. संस्कृत असेल तर जरूर घ्या, पण अनुवादाचा हात धरून. यस्न म्हणजे अवेस्तातला यज्ञविधीचा पाठ; त्याच्या बहात्तर अध्यायांच्या मध्ये बसलेली ही सतरा सूक्तं. भाषा ऋग्वेदाला इतकी जवळ की क्रियापदांची रूपं ओळखीची वाटतील, आणि त्याच ओळखीने फसगतही होते, कारण अर्थ बरेचदा वेगळ्या दिशेला गेलेला असतो. इन्सलर यांचा १९७५ चा अनुवाद घ्या. मिल्सचा जुना अनुवाद फुकट मिळतो, पण तो एकोणिसाव्या शतकातला आहे.

सुरुवात यस्न ४४ पासून करा. जवळजवळ प्रत्येक कडव्याच्या आरंभी एकच आर्जव: हे मी तुला विचारतो, अहुरा, मला खरं सांग. सूर्य-ताऱ्यांची वाट कोणी आखली? चंद्र कोणामुळे वाढतो आणि क्षीण होतो? खालची पृथ्वी कोणी तोलून धरली? मला यात नासदीय सूक्ताचा शेजार जाणवतो, पण इथे समोर उत्तर देणारा कोणीतरी आहे हे जरथुश्त्राने गृहीत धरलंय. फरक मोठा आहे.

आपल्याला जिव्हाळ्याची एक गोष्ट: यस्नाच्या ढिगातून गाथा वेगळ्या काढून याच जरथुश्त्राच्या स्वतःच्या वाणी, असं ठामपणे मांडणारे मार्टिन हाउग १८५९ ते १८६६ पुण्यात संस्कृत शिकवत होते. पारशी धर्मग्रंथांवरचे त्यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले, आणि ऐतरेय ब्राह्मणाची आवृत्ती पुढच्याच वर्षी. यज्ञ आणि यस्न एकाच टेबलावर ठेवून वाचणारा माणूस पुण्यात होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

सातपाटी

मुंबईत असाल तर दोन ठिकाणं सांगतो. फोर्टातली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट, १९१६ ची, अवेस्ता-पहलवीचं ग्रंथालय. आणि कान्हेरी. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेली नावं आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या जरथुश्त्री पाहुण्यांनी बौद्ध लेण्याच्या भिंतीवर आपली आणि आपल्या वडिलांची नावं तारखेसह कोरली. मंजिरीताई, तुमचा फिर्दौसी शाहनामा पुरा करतो ते साल १०१०. अक्षरं खूप पुसट आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात जा आणि हात लावू नका.

मराठीत इस्लामवर काही हवं असेल तर साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' वाचा. संशोधनग्रंथ नव्हे, पण आस्थेने लिहिलेलं आहे.

मंजिरी_वाचते

ठरलं. दर्याई मागवलं. सोबत यस्न ४४ इन्सलरच्या अनुवादासह. मग हॉयलंड, मग तबरीचे दोन खंड, क्रोन सगळ्यांत शेवटी. बॉयस अधूनमधून विधींसाठी. रविवारी कान्हेरी. नरशखीचा इंग्रजी अनुवाद आहे का?

शिळाप्रेस

आहे, रिचर्ड फ्राय यांचा, १९५४ चा. बारीकसं पुस्तक आहे. हॉयलंडनंतर लगेच घ्या, तबरीच्या आधी. आणि कुठलंही नाव अडलं की 'एन्सायक्लोपीडिया इरानिका' उघडा, नेटवर फुकट आहे. बिहाफरीदवर तिथे वेगळा लेख आहे.