मदत हवी आहे: संगणक स्लीपला गेला की प्रोग्रॅमचं घड्याळही थांबतं, पहाटे उठवायचं कसं?

निफाडचं_पोरगं

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूरमध्ये नोकरीला, वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग बघतात. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. पारा ५-६ च्या खाली उतरला की मणी तडकायची भीती. पहाटे वेळेत कळलं तर ठिबक सोडता येतं, शेकोट्या पेटवता येतात. गेल्या वर्षी कळलं तेव्हा ऊन वर आलं होतं.

बाग घराच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. पहिल्या ओळीत तापमानाचा सेन्सर लावला, बोर्ड खिडकीत ठेवला आणि तिथून यूएसबीने जुन्या डेस्कटॉपला जोडला. पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम आहे: त्यातला थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा भाग) तापमान वाचतो, ९०० सेकंद झोपतो, पुन्हा वाचतो. पारा ६ च्या खाली गेला की माझ्या फोनवर मेसेज.

अडचण अशी, की इन्व्हर्टर उतरायला नको म्हणून बाबा रात्री संगणक स्लीपला टाकतात. परवाच्या नोंदी बघा: रात्री ११:४२, त्यानंतर थेट सकाळी ६:५१. मधली अख्खी रात्र गायब. त्यात बाबांनी माऊस हलवला होता ६:४० लाच, मग नोंद ११ मिनिटं उशिरा का? हाच प्रोग्रॅम विंडोज ७ वर होता तेव्हा संगणक उठला की लगेच नोंद पडायची. दिवाळीत विंडोज १० टाकलं तेव्हापासून हे सुरू झालंय.

थ्रेड जागा होताना संगणकालाही जागं करेल असं काही करता येतं का? बाबांना "स्लीपला टाकू नका" सांगा, हा सल्ला कृपया देऊ नका. देऊन झालाय.

पंचवटीकर

झोप हा शब्द एकच, पण प्रकार दोन आहेत, आणि सगळा घोळ तिथेच झालाय.

थ्रेड झोपतो म्हणजे तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, "मला ९०० सेकंदांनी हाक मार." सिस्टिम जागी असते, मुदत भरली की तिचा शेड्यूलर (कुणाची पाळी कधी ते ठरवणारा भाग) त्याला प्रोसेसरच्या रांगेत उभा करतो. पण डेस्कटॉप स्लीपला जातो, ज्याला एस३ म्हणतात, तेव्हा प्रोसेसरच बंद होतो. रॅममधला मजकूर टिकण्यापुरती वीज फक्त चालू राहते. हाक मारणाराच घोरतोय, तर थ्रेडला कोण उठवणार? आणि थ्रेड तरी कुणाला उठवणार?

तुमच्या ११ मिनिटांचं कोडं सोपं आहे. विंडोज ७ पर्यंत थांबण्याच्या मुदतीत संगणकाच्या झोपेचा वेळही धरला जायचा, म्हणून उठल्यावर मुदत आधीच संपलेली असायची. विंडोज ८ पासून तो वेळ धरत नाहीत. तुमच्या बाबांनी ११:४६ च्या सुमारास संगणक झोपवला असणार. ४ मिनिटं रात्री गेली, उरलेली ११ सकाळी.

झोपेत जागं राहतं ते मदरबोर्डवरचं आरटीसी घड्याळ. झोपायच्या आधी विंडोज त्याला गजर लावून ठेवू शकतं. म्हणून ९०० सेकंदांचा लूप रात्रीपुरता विसरा. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये पहाटे ३ ला तुमचा प्रोग्रॅम सुरू करायचं काम लावा आणि अटींच्या टॅबमध्ये "हे काम चालवण्यासाठी संगणक जागा करा" यावर टिक करा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली वेक टायमर्स, म्हणजे हे उठवणारे गजर, चालू करा. तिथे "फक्त महत्त्वाचे" असाही पर्याय दिसेल, तो नको. तो विंडोजच्या स्वतःच्या कामांसाठी आहे, तुमची द्राक्षं त्याच्या लेखी महत्त्वाची नाहीत.

आणि हो, बाबांना दाखवून ठेवा: स्लीप वेगळं, शट डाऊन वेगळं. पूर्ण बंद केलेल्या संगणकाला हा गजर उठवणार नाही.

पेंग्विन_गंगापूररोड

लिनक्सवर हे एका ओळीत होतं. आरटीसीवेक नावाचा आदेश आहे, किती सेकंदांनी उठायचं ते सांगून झोपवायचं. मुदतीचा गोंधळ मात्र तिथेही आहेच: मोनोटॉनिक घड्याळ झोपेचा वेळ मोजत नाही, बूटटाइम घड्याळ मोजतं.

निफाडचं_पोरगं

@पेंग्विन, लिनक्स टाकलं तर बाबा मला बागेत टाकतील.

@पंचवटीकर काका, ११:४६ अगदी बरोबर! बाबा म्हणाले पावणेबाराला झोपलो. तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं लावलं. संगणक ३ वाजता उठला, एक नोंद झाली आणि दोन मिनिटांत पुन्हा झोपला. हे काय आता?

पंचवटीकर

हे मीच सांगायला हवं होतं. गजराने उठलेल्या संगणकासमोर माणूस नाही असं विंडोज गृहीत धरतं, आणि कीबोर्ड-माऊसला कुणी हात लावला नाही तर साधारण दोन मिनिटांत परत झोपतं. ही मुदत पॉवर ऑप्शन्समध्ये सहसा लपवलेली असते. तिच्या मागे लागू नका. प्रोग्रॅममधूनच विंडोजला सांगा की काम चालू आहे. त्यासाठी सेट-थ्रेड-एक्झिक्युशन-स्टेट हे फंक्शन आहे, पायथॉनमधून सीटाइप्स या मॉड्यूलने बोलावता येतं. त्यात सिस्टिम-रिक्वायर्ड आणि कंटिन्युअस हे दोन्ही झेंडे (फ्लॅग, म्हणजे पर्याय) द्या. प्रोग्रॅम ३ ते ७ चालू द्या; ७ वाजता तो संपला की ही मागणी आपोआप सुटते आणि संगणक स्वतःहून झोपतो.

ओझरची_ताई

एक विचारू का भाऊ? एक तापमान वाचायला अख्खा डेस्कटॉप कशाला उठवायचा? बोर्ड ईएसपी३२ या चिपचा असेल तर त्याला स्वतःचं वायफाय आहे. तो डीप स्लीपमध्ये टाकला तर चिप जवळपास १० मायक्रोअँपियरवर पडून राहते आणि दर १५ मिनिटांनी स्वतःच उठते. फक्त राऊटर इन्व्हर्टरवर ठेवा. उठल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, आधीचं काही आठवत नाही, तेवढं लक्षात घेऊन लिहा.

निफाडचं_पोरगं

ताई, बोर्ड साधा आहे, वायफाय नाही. पुढच्या हंगामाला तेच करतो. या हंगामात काकांची युक्ती चालली. काल पहाटे ३ ते ७ सगळ्या नोंदी आल्या, सर्वांत कमी ७.८. जागं झाल्यावर यूएसबीचं पोर्ट एकदा मेलेलं सापडलं, म्हणून आता चूक आली की पोर्ट बंद करून नव्याने उघडतो.

एक नवंच निघालं. परवा संगणक रात्री १:२० लाच उठून बसला होता. कुणी उठवलं ते कसं बघायचं?

पंचवटीकर

कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्लॅश लास्टवेक. संगणक शेवटचा कशामुळे जागा झाला ते सांगेल.

निफाडचं_पोरगं

यूएसबी माऊस म्हणतंय. बाबांना विचारलं, तर म्हणाले टेबलावर उंदीर फिरतो रात्री. म्हणजे उंदरानेच माऊस हलवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसची संगणक उठवायची परवानगी काढून टाकली, कीबोर्डची ठेवली. पिंजरा बाबा लावणार आहेत.