जुन्या बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरचे सुटे भाग कसे निवडावेत?

बिडाचे_इंजिन (सातारा):
माझ्याकडे बिडाच्या इंजिनाची १९९४ची बुलेट ३५० असून तिला मूळचाच मिककार्ब बनावटीचा व्हीएम २४ कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आहे. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडा राहिला की रात्रभर पेट्रोल ठिबकते, इंजिन तापल्यावर आयडल (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाची गती) स्थिर राहत नाही आणि प्लग काळा पडतो. मेकॅनिकच्या मते नवा कार्बोरेटर बसवणे हाच उपाय आहे. मला मात्र शक्यतो जुनाच ठेवायचा आहे. कोणते भाग बदलावेत आणि ते कुठे मिळतील?

नाना_पेठकर:
तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी असू शकतात, म्हणून सरसकट रिपेअर किट घेण्याआधी कार्बोरेटर उघडून पाहावा. ठिबकण्याचे कारण बहुधा फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई आणि ती जिच्यावर बसते ती पितळी सीट हे असते. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल, तर दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का, हेही तपासावे. प्लग काळा पडण्यामागे नीडल जेट (ज्यातून नीडल वरखाली सरकते तो भोकाचा भाग) असण्याची शक्यता मोठी आहे, कारण वर्षानुवर्षे नीडल घासून त्याचे भोक लंबगोल होते आणि मधल्या रेसला मिश्रण जाड होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त जाते. हा भाग अनेक स्वस्त किटांमध्ये नसतोच, आणि लोक मेन जेट (पूर्ण रेसला पेट्रोल पुरवणारे जेट) बदलून फरक पडण्याची व्यर्थ वाट पाहतात.

दुकानात ‘बुलेटचे जेट’ असे न मागता जुन्या भागावर कोरलेला क्रमांक सांगावा. नीडल जेटवर तो पी-० किंवा ओ-८ अशा धर्तीचा असतो. मेन जेट षट्कोनी डोक्याचे आहे की गोल, हेही पाहावे, कारण दोन्हींची क्रमांकपद्धती वेगळी आहे. पुण्यात नाना पेठेतील आणि दिल्लीत करोल बागेतील जुन्या दुकानदारांकडे चौकशी करावी. जेट साफ करताना तार घालू नये. भोक मोठे होते आणि मग क्रमांकाला अर्थ उरत नाही.

चोक_आणि_कॉक:
वरील सल्ला योग्य आहे, परंतु आयडलचा प्रश्न जेटने सुटेलच असे नाही. स्लाइड (रेस दिल्यावर वर सरकणारा झडपेसारखा भाग) बोटाने हलवून पाहा. ती बोअरमध्ये (ज्या पोकळीत ती सरकते तिच्यात) खडखडत असेल, तर बाजूने हवा शिरते. नवी स्लाइड घेताना तिच्या खालच्या कापाचा क्रमांक जुळलाच पाहिजे. मात्र झीज बोअरचीच असेल, तर नव्या स्लाइडनेही काही साधत नाही, आणि तेव्हा तुमच्या मेकॅनिकचेच म्हणणे खरे ठरेल.

बिडाचे_इंजिन (सातारा):
स्लाइड खडखडत नाही, सुईवर मात्र स्पष्ट खाच आहे. ओ-रिंगही (जोडांमधल्या रबरी कड्या) बदलू का?

नाना_पेठकर:
अवश्य बदला, आणि व्हायटॉनच्याच (पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या खास रबराच्या) मागा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्यात जुने साधे रबर फुगते. सुई आणि सीट बसवल्यावर फ्लोटची उंची पुन्हा जुळवून घ्या.