मदत हवी आहे: घरोघरच्या कार्बनची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत काही घरांनी मिळून वर्षभराचा कार्बन हिशोब मांडायचं ठरवलं आहे. मोजणी फारशी अवघड नाही. वीजबिलावरच्या प्रत्येक युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, आणि १४.२ किलोच्या सिलिंडरला ४२-४३ किलो धरतो आहोत.

अडतंय ते तुलनेपाशी. आजी-आजोबा, मुलं धरून सहा माणसांचं घर आणि एकटा राहणारा नोकरदार यांना एकाच फुटपट्टीने कसं मोजायचं? माणशी भागलं तर एकट्याचा आकडा फुगतो, कारण फ्रिज एकाला लागो की सहांना, चालतो तो दिवसभरच. घरटी धरलं तर एकत्र कुटुंबावर अन्याय. मला माणशी हिशोबच जास्त रास्त वाटतो, पण घरातल्या माणसांच्या संख्येनुसार गट पाडून कुणी तुलना केली आहे का?

दुसरं, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाची वीज सगळ्यांत सारखी वाटायची का? तळमजल्यावरचे काका लिफ्ट वापरतच नाहीत, पाणी मात्र त्यांनाही लागतं. आणि वर्षातून एखादाच विमानप्रवास करणाऱ्या घराचा तो आकडा वेगळा दाखवावा, की एकूणात मिसळावा?

कुणी असा हिशोब ठेवत असेल तर आपली पद्धत, जमल्यास एक्सेलचा तक्ता, कृपया पाठवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी मिळालं तर फार उपयोग होईल.