वाडीच्या नाटकात आपल्या पोराने काम करावं का?

किनारकर

आमच्या मालवण तालुक्यातल्या कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखालच्या ख्रिस्ती लोकांत, सध्या एका नाटकावरून वातावरण तापलंय. वाडीत दरवर्षी सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते आणि त्या रात्री मंडळाचं नाटक. यंदाचं नाटक मालवणी, विनोदी, घरगुती भांडणाचं. देवादिकांचा विषयच नाही. मुख्य भूमिकेसाठी मंडळाने आमच्या युवागटातल्या एका मुलाला विचारलं. पोरगा गुणी, आवाज खणखणीत. घरच्यांनी होकार दिला आणि पुढच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच कोर्ट भरलं. पूजेच्या मांडवात आपला मुलगा? तिथे नारळ फुटणार, देवाला गाऱ्हाणं घातलं जाणार, "व्हय म्हाराजा" म्हणावं लागणार. त्यापेक्षा नाताळात आपण आपलंच नाटक बसवू, असा ठराव जवळजवळ झालाच.

माझं मत उलट आहे. त्याने काम करावं आणि आपण सगळ्यांनी जाऊन बघावं.

गेली काही वर्षं आपण प्रत्येक गोष्टीची "आपली" आवृत्ती काढतोय. आपली क्रिकेट स्पर्धा, आपला ऑर्केस्ट्रा, आपली एकांकिका. सगळं सुरक्षित, सगळं घरातल्या घरात. गावातलं दुसरं कोणी बघायला येत नाही आणि आपल्यालाही त्याचं काही वाटत नाही. बाबेलला धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिलं (अध्याय 29) त्यात काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कुंपण घाला असं नाही सांगितलं. त्या नेलेल्यांतलाच दानिएल बाबेलची भाषा शिकला, त्यांचं वाङ्मय शिकला, राजाच्या नोकरीत राहिला. नाही म्हणायचं तिथे मात्र ठाम नाही म्हणाला.

आणि आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण घ्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये राशोलच्या छापखान्यातून त्याचं ख्रिस्तपुराण बाहेर पडलं. ओवीत. इथले लोक पुराण ऐकत होते, तर त्याने पुराण लिहिलं. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन मागे ठेवून आले नाहीत. चर्चमध्येही ते त्यांनी रुजवलं.

माझी रेघ कुठे आहे तेही सांगतो. पूजेला बसायचं नाही, आरती म्हणायची नाही. गाऱ्हाण्याच्या वेळी पडद्यामागे शांत उभं राहायचं. नाटक मात्र जीव तोडून करायचं.

शेवटी एक बोचरं बोलतो, राग मानू नका. जिथे नारळ फुटत नाही तिथे आपली श्रद्धा कुठे जाते? जमिनीच्या दलालाशी बोलताना, रविवारच्या बुकिंगच्या वेळी, दाखला लवकर मिळावा म्हणून पाकीट सरकवताना? तिथे आपण अगदी "सगळ्यांसारखे" असतो. तेव्हा पायऱ्यांवर कोणी जमत नाही.

खाडीपलीकडचा

किनारकर, तुमचं लिखाण नेहमीप्रमाणे गोड. पण दानिएलचं अर्धंच सांगितलंत. पहिल्याच अध्यायात त्याने राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं, आणि पुढे सिंहांच्या गुहेत गेला तो प्रार्थना सोडली नाही म्हणून. बाबेलमध्ये टिकला, कारण तिथे पोचायच्या आधी तो घडलेला होता. आपला पोरगा घडलाय का? दहावीनंतर कॅटेकिझमला, धर्मशिक्षणाच्या वर्गाला, शेवटचा कधी बसला ते विचारा.

स्टीफन्सचंही तसंच. तो ओवी लिहायला बसला तेव्हा त्याला काय सांगायचंय ते पक्कं ठाऊक होतं. आपल्या मुलांना ओवी येत नाही आणि बायबलही येत नाही. त्यांच्या हातात आहे फक्त मोबाइल. अशांना "जा, संस्कृतीशी संवाद साधा" म्हणून पाठवायचं म्हणजे पोहायला न शिकवता दर्यात ढकलायचं.

आणि ज्याला तुम्ही कुंपण म्हणता त्या युवागटात मी वाढलो. तिथेच मी पहिल्यांदा चार लोकांसमोर उभा राहून बोललो. ते कुंपण नसतं तर आज तुमच्याशी वाद घालायलाही आलो नसतो.

तिसरी घंटा

मी मंडळाचो. हयसर लिवचा की नको ता कळत नाय, पण विषय आमचोच असा म्हणान लिवतंय. रे बाबांनो, त्या पोराक आमी घेतलव तो आवाजासाठी. गाऱ्हाण्याक उभो रवलो काय आणि नाय रवलो काय, आमी रागावचव नाय. फक्त पाठांतर चुकाक नको! आमची माणसा तुमच्या क्रुसाकडे लदीनीक, म्हणजे प्रार्थनेक, येतत, चणे खातत, घराक जातत. कोणाचो धर्म बुडलो नाय अजून.

मांडवीकर

मी रत्नागिरीचा, प्रोटेस्टंट. आमच्याकडे हाच प्रश्न ऑफिसमधल्या पूजेवरून येतो. मला नामानाची गोष्ट आठवते, 2 राजे अध्याय 5. अरामी सेनापती, कुष्ठरोगातून बरा झाला, इस्राएलच्या देवाला मानायला लागला. पण अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असावी. संदेष्टा त्याला फैलावर घेत नाही. शांतीने जा म्हणतो, बस. नोकरी करणाऱ्या माणसाला या एका वाक्याचा केवढा आधार आहे.

खाडीपलीकडचा

मांडवीकर, गोष्ट बरोबर, निष्कर्ष घाईचा. नामानाने क्षमा मागितली, म्हणजे आपण करतोय त्यात खोट आहे हे त्याला कळत होतं. दुसरं, राजा त्याच्या हातावर टेकत होता, त्याला सुटका नव्हती. आमच्या पोराच्या हातावर कोण टेकलंय? तो हौसेने चाललाय. सक्तीत मिळालेली सूट हौसेला लावू नका.

मांडवीकर

हे मान्य. नामान इथे बसत नाही. मग प्रेषित पौलाकडे येऊ. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अध्याय 10 मध्ये, तो म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. म्हणजे जावंसं वाटणं, हौस, ही त्याला चालते. नाटकाचं आमंत्रण मी यात धरतो.

खाडीपलीकडचा

पुढची ओळ वाचा की. हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, असंही तिथेच आहे. प्रसाद हातावर ठेवतात तो प्रसाद म्हणूनच ठेवतात. तिथे पौलाचं उत्तर सरळ आहे.

मांडवीकर

आणि त्याच्याही पुढची ओळ: ते सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, तुमच्या नव्हे. मूर्ती काहीच नाही हे तो आठव्या अध्यायात आधीच सांगून बसलाय. अडचण खाण्यात नाही, बघणाऱ्याचा काय समज होतो त्यात आहे. शेजारीण गणपतीत मोदक आणून देते तेव्हा तिचा समज एवढाच असतो की शेजाऱ्यांना गोड द्यावं. आम्ही नाताळात नेवऱ्या देतो तेव्हा ती काय बाप्तिस्मा घेते?

पिंपळपार

मी कुठलाच देव मानत नाही. बाहेरून बघताना गंमत वाटते. एक विनोदी नाटक, त्यासाठी यिर्मयापासून पौलापर्यंत सगळे उठवलेत. कलेला धर्म नसतो, मुलाला करू दे.

किनारकर

पिंपळपार, नाटकाला धर्म नसेल, पण नाटक करणाऱ्याला आहे आणि त्याला तो हवाय. "करू दे" म्हणायला मीही तयारच आहे. धर्म घरी ठेवून ये, असं मात्र म्हणणार नाही. त्यात आणि "येऊच नको" मध्ये मला फार अंतर दिसत नाही.

वेंगुर्ल्याची बाय

किनारकर भाऊ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर बोलायचंय. रविवारचं बुकिंग म्हणालात ना, ते माझ्यासारखीला लागलं. माझं होमस्टे आहे, तीन खोल्या. पर्यटक येतात शुक्रवारी रात्री आणि जातात रविवारी दुपारी. रविवारी सकाळी आठला त्यांना घावणे-चटणी हवी, अकराला तारकर्लीला न्यायला गाडी हवी, दुपारी सुरमई हवी. पावसात धंदा शून्य. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे नवऱ्याचीही कमाई बंद. बँकेचा हप्ता मात्र चालू. पगारी माणसाने रविवारच्या पावित्र्यावर बोलणं सोपं असतं.

मी काय करते ते सांगते. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाते. ती रविवारची म्हणून धरली जाते, हा चर्चचाच नियम आहे, पळवाट नाही. पाहुण्यांना पहिल्याच फोनवर सांगते, शनिवारी साडेपाच ते साडेसात मी नसेन, चहा थर्मासमध्ये असेल. आजवर एकानेही बुकिंग रद्द केलं नाही. उलट एका पुण्याच्या बाईने विचारलं, मी पण येऊ का? आली, मागच्या बाकावर बसली, गाणी ऐकली, गेली. मी तिला काही शिकवायला गेले नव्हते.

दारूचं मात्र मी नाही म्हणते. लायसन्स नाही आणि आणून प्यायलेलीही चालत नाही. त्याने गिऱ्हाईक जातं, खरंच जातं. डिसेंबरात तर शेजारचं होमस्टे भरलेलं आणि माझी एक खोली रिकामी असं झालंय. तेव्हा जिथे नारळ फुटत नाही तिथेही काही जण उभे असतात, भाऊ. पायऱ्यांवर त्याची चर्चा होत नाही एवढंच.

किनारकर

ताई, वाचून गप्प बसलो होतो. रविवार हा शब्द मी बुकिंगला जोडायला नको होता असं नाही म्हणणार, कारण तुमच्यासारख्या फार थोड्या आहेत. पण शनिवारचा थर्मास हे आमच्या पॅरिशच्या सगळ्या होमस्टेवाल्यांना सांगण्यासारखं आहे.

वसईवाला

उत्तर कोकणातून थोडं. आमच्या वसईत हा वाद जुना झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षं "सुवार्ता" मासिक चालवलं आणि त्यात ख्रिस्ती नसलेले लेखकही लिहीत. हरित वसईच्या चळवळीत ते उतरले तेव्हा बरोबर सगळ्या जातीधर्माची माणसं होती, कारण विहिरी आणि केळीच्या बागा सगळ्यांच्या होत्या. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मावरून विरोध झाला, तरी गेले, पाठीच्या दुखण्याने बेजार असताना गेले आणि धर्मगुरू म्हणूनच गेले. मांडवात जाण्याने श्रद्धा पातळ होते म्हणणाऱ्यांनी त्या माणसाकडे बघावं.

पण खाडीपलीकडचे काका म्हणतात त्यातही दम आहे. आमच्याकडे सामवेदी बोली, लग्नातली गाणी हे आमच्या आयांनी जपलं, आणि दुसरीकडे वाडी विकून बिल्डिंगीत फ्लॅट घेतले तेही आम्हीच. आम्हाला कुणाच्या पूजेने नाही गिळलं. गुंठ्याच्या भावाने गिळलं. आणि विकणारे रोज मिस्साला येणारे होते. सिंधुदुर्गात आता जमिनीचे भाव वाढतायत. तिथल्या पॅरिश कौन्सिलने नाटकापेक्षा त्यावर एक बैठक घ्यावी, एवढंच सुचवतो.

जि. प. मास्तरीण

शाळेच्या कार्यक्रमात सरस्वतीपूजन असतं. मी हार घालत नाही, सूत्रसंचालन करते. मुख्याध्यापकांना पहिल्याच वर्षी शांतपणे सांगितलं होतं, आज त्यांना आठवतही नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर घटनेचं कलम 28 स्पष्ट आहे, संमतीशिवाय उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. पण मला कलम दाखवायची वेळ कधी आली नाही. आपल्यातले बरेच जण आधी काही बोलत नाहीत आणि ऐनवेळी तोंड फिरवून उभे राहतात, त्याने लोक दुखावतात. त्या मुलाने दिग्दर्शकाला तालमीच्या आधीच सांगून टाकावं.

खाडीपलीकडचा

मास्तरीणबाईंचं पटलं. सगळ्या धाग्यात कामाचं तेवढंच.

माझा विरोध मी मागे घेत नाही, पण कशाला आहे ते नीट सांगतो. आमच्या घरात सांगतात की पूर्वज गोव्यातल्या बारदेशातून वर आले. 1736 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढलं, त्यात लग्नातली गाणी, दारातली तुळस, धोतर, चोळी सगळ्यावर बंदी आली. म्हणजे "आपलं वेगळं" करायचा अतिरेक काय असतो तो आम्ही भोगलाय, तो मला परत नकोय. पण मुलगा मांडवात जाताना त्याच्याबरोबर कोण जाणार? किनारकर, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणं सोपं आहे. दीड महिना रात्री तालमी, अकरा-बारा वाजता घरी. त्याची रविवारची मिस्सा चुकणार. कोण उठवणार त्याला?

किनारकर

मी उठवतो. माझं घर वाटेतच आहे.

खाडीपलीकडचा

लिहून ठेवतो हे. आणखी एक: नाटकाची तारीख बघितलीत का? ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार आहे. नाटकवाल्यांना मंडळ कोंबडी-वडे घालतं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्या दिवशी मांस नाही, एवढं तरी पाळणार की तेही संवादात जाणार?

तिसरी घंटा

काका, सत्यनारायणाच्या दिवशी मांडवात कोंबडो खयसून येतलो? त्या दिवशी काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि वडे. कोंबडो दुसऱ्या दिवशी, शनिवारी.

खाडीपलीकडचा

मग सांबारं चालेल. शिऱ्याचं वेगळं बोलू.