ओटीपोटातील दुखण्यासाठी सिंगापूरमधील चिनी वैद्याकडे जावे का? जाणकारांचा सल्ला हवा आहे

जास्वंदी_सांगली

नमस्कार. मी गेली चार वर्षे सिंगापूरमध्ये राहते, वय ३४. गेल्या दहा महिन्यांपासून पाळीच्या आधी दोन दिवस ओटीपोट जड होते, पहिल्या दिवशी कळा येऊन दुखणे कंबरेपर्यंत पसरते आणि पाळी संपल्यावरही डाव्या जांघेच्या वर काहीतरी ओढल्यासारखे वाटत राहते. येथील स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासणी आणि सोनोग्राफी केली, त्यात काही आढळले नाही. त्यांनी दिलेल्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी कळा थांबतात, पण माझे पित्त उसळते.

कार्यालयातील चिनी सहकारी मला 'सिनसे'कडे, म्हणजे येथील भाषेत पारंपरिक चिनी वैद्याकडे, जाण्याचा आग्रह करीत आहेत. माझा विरोध नाही, परंतु तेथे नेमके काय करतात, सुया टोचून घ्याव्यात की काढे घ्यावेत, आणि कशापासून दूर राहावे, हे कळल्याशिवाय पाऊल उचलण्याची इच्छा नाही. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तैपेईकर

मी नऊ वर्षे तैवानमध्ये काढली आणि त्यांपैकी दोन वर्षे पत्नीच्या अशाच दुखण्यासाठी चिनी वैद्यांच्या पायऱ्या झिजवल्या, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की 'ओटीपोट दुखते' एवढ्यावर तेथे औषध मिळत नाही. जेथे वाहणे अडते तेथे दुखते, हे त्या शास्त्रातील प्रत्येकाच्या तोंडी असलेले सूत्र आहे, आणि वैद्याचे सगळे प्रश्न काय अडले व कशाने अडले याच्या शोधात असतात. दाबल्यावर बरे वाटते की हात लावू नये असे वाटते? शेकल्यावर कमी होते का? दुखणे मधोमध आहे की बाजूला? मधोमधच्या आणि बाजूच्या भागांना त्यांच्याकडे वेगवेगळी नावे आहेत, आणि बाजूचा भाग यकृताच्या वाहिनीच्या वाटेवर येतो असे ते मानतात. तेथील यकृत म्हणजे आपल्या शरीरशास्त्रातील यकृत नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. दाबल्यावर सुखावणारे दुखणे अशक्तपणाचे, दाब न सोसणारे दुखणे साचलेपणाचे आणि शेकाने शमणारे दुखणे थंडीचे, अशी ढोबळ विभागणी आहे. त्यानंतर जीभ पाहतात आणि दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून नाडी तपासतात. आपल्या घरी उष्ण-थंड पदार्थांवरून जी चर्चा चालते, तिची सवय असलेल्या माणसाला हे फारसे परके वाटत नाही.

उपचारांपैकी सुया आणि 'आय'चा शेक यांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. आय ही आपल्या दवण्याच्या कुळातील वनस्पती. जोतिबाला दवणा वाहणाऱ्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला तिचा वास अनोळखी वाटू नये. तिच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा लगदा करून कांडी वळतात, पेटवतात आणि बेंबीखाली चार बोटांवर, त्वचेपासून थोड्या अंतरावर धरतात. धूर पुष्कळ होतो, त्यामुळे कार्यालयात परतायचे असेल तर जुने कपडे घालून जावे. सुया बहुधा पायांतही टोचतात: आतल्या घोट्याच्या हाडापासून स्वतःच्या चार बोटांइतक्या वर, नडगीच्या मागे, 'सान यिन ज्याओ' हा बिंदू असतो, आणि पाळीच्या दुखण्यात तो क्वचितच वगळला जातो. गर्भ राहिल्याची शंका असेल तर मात्र तो परंपरेनेच वर्ज्य आहे, म्हणून तसे आधी सांगावे.

ओपीडीतला_माणूस

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे, तेव्हा माझ्या सल्ल्यात थोडा कडवटपणा असेल.

सोनोग्राफी स्वच्छ आहे म्हणून विषय संपला, असे समजू नका. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर रुजण्याचा जो आजार आहे, एंडोमेट्रिओसिस, त्याचे पातळ डाग सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. चौतिसाव्या वर्षी नव्याने सुरू झालेले आणि पाळीनंतरही रेंगाळणारे दुखणे या दृष्टीने पुन्हा एकदा दाखवण्यासारखे आहे. पित्ताची तक्रारही त्याच वेळी सांगा, गोळी बदलता येते. पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखणे, उजव्या बाजूला ताप आणि उलट्यांसह वाढत जाणारी वेदना, किंवा लघवीतून रक्त, यांपैकी काहीही झाल्यास सिनसेकडे नव्हे, थेट रुग्णालयात जावे.

सुयांबद्दलचे पुरावे पाळीच्या दुखण्यात ठाम नाहीत, पण निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया प्रशिक्षित हातात असतील तर धोकाही अत्यल्प असतो. काढ्यांबद्दल मी अधिक सावध आहे. ओटीपोटातील 'दमट उष्णते'साठी दिल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध गोळीत पूर्वी ग्वान मुथोंग नावाची वेल घालत. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते हे उघड झाल्यावर चीनने २००३ मध्ये ती औषधांतून काढून टाकली. म्हणून कोणाच्या मावशीच्या कपाटातली किंवा ऑनलाइन मागवलेली पुडी घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास 'दांगग्वेई' ही चिनी काढ्यांतील मुळी टाळावी. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची नोंदणी २००० च्या कायद्याने होते आणि मंडळाच्या संकेतस्थळावर नाव तपासता येते. ते पाच मिनिटांचे काम आधी करावे.

लव्हाळा

डॉक्टरांशी सहमत आहे. एक गंमत म्हणून सांगतो, पाळीच्या दुखण्यावर चिनी वैद्य जी 'श्यांगफू' देतात, ती आपल्या शेतकऱ्याला नकोशा झालेल्या लव्हाळ्याची गाठ आहे. माझ्या आजोबांनी आयुष्यभर ती उपटून बांधावर फेकली.

जास्वंदी_सांगली

सर्वांचे आभार. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांची पुढची वेळ घेतली, आणि नोंदणी तपासून काल एका सिनसेंकडे जाऊन आले. त्या साठीच्या पुढच्या बाई आहेत. त्यांनी बेंबीखाली तळहात दाबून ठेवला आणि मी "बरे वाटते" म्हणण्याआधीच माझा चेहरा पाहून मान हलवली. डाव्या बाजूला दाबल्यावर मात्र मी हात झटकला, तेव्हा त्यांनी कागदावर बराच वेळ लिहिले. निदान 'थंडी आणि साचलेले रक्त' असे सांगितले. सुया टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटले, नंतर पायात जड झिणझिण्या आल्या. पाण्यात कालवायच्या भुकटीच्या पुड्या लिहून दिल्या आहेत; मूळ नुस्खा वांग छिंगरन या वैद्याचा, १८३० चा, असे त्या म्हणाल्या. त्यात बडीशेप, सुंठ आणि दालचिनी आहे हे ऐकून धीर आला. मी शाकाहारी आहे, तर घेण्यास हरकत नसावी ना?

तैपेईकर

पुडी उघडण्याआधी त्यांना फोन करावा. आपण म्हणता तो नुस्खा 'शाओफू झूयू तांग' असणार, आणि त्याच्या दहा घटकांपैकी एक, 'वू लिंग झ', म्हणजे उडत्या खारीची वाळवलेली लेंडी होय. पत्नीला हे तिसऱ्या आठवड्यात कळले आणि त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. शाकाहारी असल्याचे सांगितल्यावर आमच्या वैद्यांनी तो घटक विनातक्रार वगळला होता. घटकांची छापील यादीही त्याच वेळी मागून घ्यावी, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवता येईल.

जास्वंदी_सांगली

फोन केला. त्या खूप हसल्या, आणि शनिवारी पुड्या बदलून देणार आहेत.