रोपं अजून माझ्या गॅरेजमध्येच आहेत (कॅल्गरी, कॅनडा इथला बागप्रेमी ग्रुप, शनिवार सकाळ)

सुनंदाकाकू (८:१२): सुप्रभात मंडळी. आपण मिळून नर्सरीतून मागवलेल्या हॅस्कॅप आणि सस्कटून या बेरीच्या झुडपांचं खोकं बुधवारी आलं, तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये पडलंय. तीनदा मेसेज टाकला, आठपैकी दोनच घरं येऊन गेली. आमचं गॅरेज गरम असतं, सगळ्यांना माहितेय. आज पाहिलं तर हॅस्कॅपचे डोळे फुगलेत, दोन ठिकाणी हिरवं टोकही आलंय. कृपया आज या.

मकरंद (८:२०): काकू, मे लाँग वीकेंडच्या, म्हणजे व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या आधी कॅल्गरीत काहीही लावायचं नसतं. अजून बर्फ पडणार आहे.

अविनाशकाका (८:३१): मकरंद, तो नियम टोमॅटो-मिरचीचा. झोपेतल्या झुडपाला तो लागू नाही. हॅस्कॅप उणे 40 ची थंडी काढतं, त्याची फुलंसुद्धा उणे 7 सोसतात. त्याला धोका बर्फाचा नाही, उघड्यावर सुकणाऱ्या मुळांचा आहे. जमीन खणता आली की लावायचं. माझी परवाच लागली.

प्राजक्ता (८:४०): मी माझी पाच नेली, पण पिशवी उघडून धक्काच बसला. नुसत्या काड्या! माती नाही, पान नाही.

रोहन (८:४१): केरसुणी मिळाली म्हण 😄

अविनाशकाका (८:५२): रोहन, चेष्टा नको. भारतात आपल्याकडे रोप म्हणजे काळी पिशवी आणि मातीचा गोळा, म्हणून तिला तसं वाटलं. ही पानगळीनंतर शेतातून काढतात, माती झाडतात आणि हिवाळाभर थंड, ओलसर जागी ठेवतात. वजन नाही म्हणून टपालाने येतात आणि स्वस्त पडतात. प्राजक्ता, नखाने साल जरा खरवड. आत हिरवं असेल तर जिवंत आहे.

प्राजक्ता (९:०५): चार हिरवी, एक तपकिरी.

अविनाशकाका (९:०७): त्या एकाच्या बुडाशी खरवड. तिथे हिरवं असेल तर वरचं सुकलेलं छाट, खालून फुटेल. नसेल तर फोटो काढून नर्सरीला आजच पाठव.

मकरंद (९:१०): परत सांगतो. मे लाँग वीकेंड. इथे दहा वर्षं राहणारा कोणीही हेच सांगेल.

शिल्पा (९:१४): इथे दहा वर्षं राहणाऱ्यांनीच मागच्या वर्षी आम्हाला ब्लूबेरी लावायला सांगितल्या होत्या. एकही जगली नाही.

मकरंद (९:१५): नाव घेऊन बोला ना शिल्पाताई.

शिल्पा (९:१५): गरज आहे का?

अविनाशकाका (९:२२): शांत व्हा दोघंही. ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 सामूची (pH) आम्लधर्मी माती लागते. आपल्याकडे चिकण, अल्कधर्मी माती आणि नळाला जड पाणी. म्हणून तर या वेळी हॅस्कॅप आणि सस्कटून मागवलं, त्यांना ही माती चालते. सस्कटून तर इथलंच रानझुडूप. हॅस्कॅपचे हे वाण सास्कॅचेवान विद्यापीठात तयार झालेत, म्हणजे आपल्याहून कडक हिवाळा काढून आलेत.

रोहन (९:३०): काकू, माझी पाचही हॅस्कॅप बोरियल ब्युटी वाणाची ठेवा. तिची फळं मोठी असतात म्हणे.

अविनाशकाका (९:३३): पाच ब्युटी लावून फळ धरणार नाही. परागीभवनाला वेगळा वाण हवा, तोही त्याच सुमारास फुलणारा. ब्युटीसोबत बोरियल बीस्ट घे. सस्कटून एकटं असलं तरी फळतं.

निखिल (९:३५): बीस्ट माझ्या वाट्याला तीन आहेत. दोन दे, दोन घे.

सुनंदाकाकू (९:३८): अदलाबदल करा, पण आधी घेऊन जा. आणि दोन घरांचे पैसे अजून आलेले नाहीत. नर्सरीला मी माझ्या कार्डावरून भरलेत. नावं टाकायची वेळ आणू नका.

निखिल (९:३९): सॉरी काकू. आत्ता पाठवतो.

प्राजक्ता (९:४४): काका, लावायचं कसं ते एकदा नीट लिहा ना.

अविनाशकाका (१०:०२): आधी तास-दोन तास मुळं बादलीत भिजव. दिवसचे दिवस नको, गुदमरतात. खड्डा रुंद घे, मुळं वळवून कोंबू नकोस, पसरून बसव. खोडावर मातीची जुनी खूण दिसते, हॅस्कॅप तिच्याहून दोन बोटं खोल लाव. दोन झाडांत पाच फूट ठेव. माती पायाने हलकी दाब आणि आळं भरून पाणी दे. वर भुसा घाल, पण खोडाला टेकवू नकोस. या वर्षी खत नको, पाणी मात्र चुकवू नकोस. चिनूक, म्हणजे तो उबदार कोरडा वारा सुटला की वरची माती बघता बघता कोरडी होते. आणि ऑगस्टमध्ये पानं तपकिरी झाली म्हणून घाबरू नकोस, हॅस्कॅपचं असंच असतं.

शिल्पा (१०:०९): फळं धरायला लागली की पक्षी ठेवतात का काही?

अविनाशकाका (१०:१२): जाळी हवीच. सीडर वॅक्सविंगचा थवा एका सकाळी झुडूप रिकामं करतो. पण फळ निळं दिसलं म्हणून लगेच तोडू नका. एक फोडून बघा. आत हिरवट असेल तर करवंदासारखं आंबट लागेल. आतून गडद जांभळं होऊ द्या.

मकरंद (१०:१५): सगळं ठीक, पण मे लाँग वीकेंडच्या आधी नाही. मी लिहून देतो.

सुनंदाकाकू (१०:२०): अविनाशराव, जी आज जाणार नाहीत त्यांचं काय करू?

अविनाशकाका (१०:२३): वहिनी, मागच्या अंगणात कुंपणाच्या सावलीत चर खणा, तिरकी आडवी ठेवा आणि मुळं मातीने झाकून पाणी द्या. काही दिवस निभावतील. त्या गरम गॅरेजमध्ये नाही निभावणार.

सुनंदाकाकू (१०:२६): माझे हात आता चर खणायचे राहिलेत का? संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघते. उरतील ती ज्याला हवीत त्याला देणार.

मकरंद (१०:३१): काकू, माझी राखून ठेवा. येतो पाचला. लावेन मात्र लाँग वीकेंडलाच.

सुनंदाकाकू (१०:३३): मग नकोच. शिल्पा, तुला अजून पाच हवीत का?

शिल्पा (१०:३३): हवीत काकू. निघालेच. येताना फावडं आणते, उरलेल्यांसाठी चर मी खणून देते.

मकरंद (१०:३६): अहो थांबा! अर्ध्या तासात पोचतो.