खडखड्यासाठी खर्च कशावर करावा : औषधावर की ओलीवर?

कोरडवाहू : रब्बी ज्वारीवरचा खडखड्या, म्हणजे ज्वारीचे ताट बुडाशी आतून कुजून कोलमडण्याचा रोग, बुरशीमुळे होतो, हे कोणीच नाकारत नाही, परंतु सोलापूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात पेरणीच्या तोंडावर त्यासाठी ज्या पुड्या आणि बाटल्या घेतल्या जातात, त्यांवरचा खर्च बहुतांशी वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी आपल्या जमिनीत कायमच असते आणि मुळे सशक्त असेपर्यंत तिचे फारसे काही चालत नाही. कणीस भरू लागले आणि नेमकी तेव्हाच जमिनीतली ओल संपली, की पाने पुरेसे अन्न तयार करू शकत नाहीत. मग दाणा भरण्यासाठी ताट आपल्याच खोडातला आणि मुळांतला साठा कणसाकडे ओढते, मुळे उपाशी पडतात आणि बुरशीला आत शिरायला वाव मिळतो. कोलमडलेले ताट बुडाशी उभे चिरून पाहावे : आतले भेंड विरून नुसते धागे उरलेले असतात आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे कण दिसतात. या अवस्थेत कोणतीही फवारणी उपयोगाची नाही. म्हणून खर्च पावसाळ्यात वाफे करून पाणी मुरवण्यावर, वेळेवर विरळणी करण्यावर आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याची पाळी देण्यावर व्हावा, कारण भेगा बुजल्या तरच खालची ओल दाणे भरेपर्यंत पुरते.

काळी जमीन : आपले निदान मान्य, निष्कर्ष एकांगी वाटतो. ‘बुरशी असतेच’ असे म्हणून ती किती आहे हा प्रश्न सोडून देता येत नाही. ते काळे कण कोरड्या जमिनीत आणि धसकटांत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पूर्वी ज्वारी उपटून काढत, त्यामुळे मुळे आणि बुडखे बरेचसे शेताबाहेर जात. आता मजूर मिळत नाहीत म्हणून ताटे कापली जातात आणि रोगट बुडखा रानातच राहतो. फेरपालटाचा आधार घ्यावा, तर हरभऱ्याची कोरडी मूळकूज आणि सोयाबीनची खोडकूज हीच बुरशी करते. पाचशेच्या आसपास वनस्पतींवर जगणारी बुरशी पीक बदलल्याने उपाशी मरेल, ही आशा भाबडी आहे. अशा रानात ट्रायकोडर्मा या रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया आणि शेणखतातून त्याचा वापर यांवर होणारा किरकोळ खर्च मी वाया गेला असे म्हणणार नाही. शिवाय ज्याच्याकडे विहीरच नाही, त्याला ओल टिकवा असे सांगणे सोपे आहे. पण परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी वाफ्यांत मुरवायला पाणी तरी कुठून येणार?

कोरडवाहू : धसकटांचा मुद्दा मोलाचा आहे आणि ती वेचून काढावीत, यावर आपले एकमत आहे. बीजप्रक्रियेबद्दल मात्र शंका कायम आहे. बियाण्याला चोळलेली पुडी उगवणीच्या काळात रोपाला सांभाळेलही, पण खडखड्याचा धोका फुलोऱ्यानंतर, म्हणजे पेरणीपासून सत्तर-पंचाहत्तर दिवस उलटल्यावर सुरू होतो आणि तोवर मुळे फार खोल गेलेली असतात.

बीज तसे फळ : आपण दोघेही वाणाविषयी बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. मोहोळला 1930 च्या दशकात निवडलेली मालदांडी ही ज्वारी अजून टिकून आहे, त्यामागे भाकरीची चव आणि कडबा यांबरोबरच पाण्याचा ताण सोसण्याची तिची ताकदही आहे. भारी जमिनीसाठी फुले वसुधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा अशी शिफारस असताना लोक मुरमाड रानात उशिरा येणारे वाण पेरतात. मग दाणे भरण्याआधीच ओल संपते आणि दोष बुरशीच्या माथी जातो. दाणे पक्व होईपर्यंत पाने हिरवी ठेवणारे वाण कमी कोलमडतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेला बी-35 हा त्या गुणाचा प्रसिद्ध स्रोत आहे आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने त्यावर बरेच काम केले आहे. माझ्या मते पैसा तिथे गेला पाहिजे.

काळी जमीन : संशोधनाला माझा विरोध नाही, पण मालदांडीसारखा दाणा आणि कडबा नसेल, तर बाजार असे वाण स्वीकारत नाही, हेही खरे आहे.

कडबाकुट्टी : विरळणीबद्दल सगळे लिहितात, ती का होत नाही हे कोणी लिहीत नाही. दाट पेरले की ताट बारीक राहते, जनावर ते आवडीने खाते आणि पेंढ्याही जास्त निघतात. कडब्याला चांगला भाव असताना कोवळी रोपे उपटून टाका हा सल्ला कोण ऐकेल? वर युरियाचा जादा हप्ता पडतो, ताटे भराभर वाढतात, पाणीही भराभर संपवतात. त्यातून खडखड्या आला तर ताट बुडातच मोडते, काढणीआधी भुईसपाट होते आणि ज्या कडब्यासाठी दाट पेरले तोच हलका पडतो.

कोरडवाहू : हे पटले. ‘काळी जमीन’ यांनी विहिरीविषयी विचारले होते. शेततळ्यातून एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या वेष्टनात असताना, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी द्यावे; तेही नसेल, तर कडब्याचा थोडा तोटा सोसून एकरी ताटांची संख्या आणखी कमी ठेवावी.

काळी जमीन : संख्या कमी ठेवूनही पाऊस चांगला झाला, तर त्या वर्षीचे बुडालेले उत्पन्न कोणाच्या खात्यावर लिहायचे?